शॉर्ट स्केल बेसची ई तार ढिली, घोगरी, बेसूर? ट्रस रॉडला हात लावायच्या आधी हे तपासा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांच्या, बेस गिटारांची तक्रार जवळपास ठरलेली असते. जी, डी, ए या तिन्ही तारा ठणठणीत, आणि ई मात्र बसलेल्या घशासारखी. सोबत निदानही ठरलेलं असतं: "नेक वाकलीय." (नेक म्हणजे बेसची मान; तिच्या आतला, बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा म्हणजे ट्रस रॉड.) कुणीतरी मित्राने, दुकानदाराने किंवा बँडमधल्या गिटारवाल्याने ते आधीच करून ठेवलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात चिपळूणहून एक कॉलेजची मुलगी वडिलांबरोबर ठाण्याला आली होती. तीस इंची सेकंडहँड बेस. वडील म्हणाले, "काका, नेक गेलीय म्हणतात. दुसराच घेऊन टाकावा का?" मी बॅग उघडली आणि नेककडे न बघता आधी खुंट्यांकडे बघितलं. ई तारेचं जाड वेष्टन खुंटीला चार वेढे मारून कोंबलेलं होतं, एखादा जाड दोरखंड बारीक खिळ्याला गुंडाळावा तसं. लाँग स्केलची तार कापून बसवली होती. योग्य मापाची तार घातली आणि बेस तासाभरात घरी गेला. नेकला मी हातही लावला नाही.

ही कथा मी इतक्या वेळा जगलोय की आता लिहूनच टाकतो.

आधी लक्षणं नीट ओळखा

"ई खराब वाजते" एवढ्याने काही कळत नाही. नक्की काय होतंय ते कागदावर लिहा.

- तार छेडल्याक्षणी सूर चढतो आणि मग हळूहळू खाली येऊन बसतो.
- आवाज मोठा येतो पण सूर कळत नाही, नुसतं "भुम्म".
- तार फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) घासून झर्रर्र करते. तंबोऱ्याला जवारी लागते, बेसला नको.
- मोकळी तार सुरात, पण सातव्या-आठव्या फ्रेटपासून वर गेलं की सूर चढत जातो.
- उलट, पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरच बेसूर आणि पुढे सगळं ठीक.
- एकच सूर धरला तरी आत दोन सूर एकमेकांवर लहरताना ऐकू येतात.

झर्रर्र होत असेल तर कुठल्या फ्रेटांवर होतं तेही लिहा. फक्त मोकळी तार झरझरते, पहिल्या पाच फ्रेटांत झरझरते, बाराव्याच्या पुढे झरझरते, की नेमक्या एकाच फ्रेटवर, या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

हे ई तारेलाच का होतं

नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (अंगावरची घोडी) या अंतराला स्केल म्हणतात. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसने ३४ इंचांचा, म्हणजे लाँग स्केलचा, पायंडा पाडला आणि आजचे बहुतेक बेस तोच धरून असतात. शॉर्ट स्केल म्हणजे साधारण ३० इंच. गिब्सनने १९५३ सालीच ३०.५ इंची बेस काढला होता. जर्मनीचा हॉफनर ५००/१, म्हणजे पॉल मॅकार्टनीच्या हातातला व्हायोलिनसारखा बेस, तोही ३० इंची. फेंडरचा मस्टँग १९६६ चा, ३० इंच. तेव्हा "हे लहान मुलांचं वाद्य आहे" असं कुणी म्हणालं तर फार मनाला लावून घेऊ नका.

स्केल लहान झाल्याचा फायदा डाव्या हाताला. लाँग स्केलवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ४८.५ मिलिमीटरवर असतो, शॉर्ट स्केलवर ४३ च्या आत. पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंत चार बोटं पसरायची तर जवळजवळ दीड सेंटिमीटर कमी ताणावं लागतं. लहान हातांना, संधिवाताचा त्रास असणाऱ्यांना आणि गिटारवरून बेसकडे वळलेल्यांना हे वरदान आहे.

किंमत मोजते ती तार. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३४ वरून ३० इंच केली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग, म्हणजे ०.७८. बावीस टक्के ताण गेला. १०५ जाडीची ई तार (म्हणजे ०.१०५ इंच, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास) लाँग स्केलवर सुमारे १८ किलोने ताणलेली असते, ती शॉर्ट स्केलवर १४ किलोवर येते. ढिली तार जास्त मोठा झोका घेते, फ्रेटांना लागते, बोटाच्या जोराने सहज चढते, चुंबकाकडेही जास्त ओढली जाते. वरची बरीचशी लक्षणं या एका गोष्टीतून निघतात. म्हणून दुरुस्तीही याच धाग्याने करायची, आणि फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करायची.

१. बेसचाच दोष आहे ना?

वायर न लावता, शांत खोलीत, बेसच्या शिंगाला (अंगाच्या वरच्या टोकाला) कान टेकवून ई वाजवा. लाकडातून ऐकू येणारा आवाज खोटं बोलत नाही. तिथे सूर स्वच्छ असेल आणि ॲम्पमधूनच "भुम्म" येत असेल, तर वाद्याला हात लावू नका.

मोकळ्या ई चा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या जरा वर असतो. घरगुती सरावाच्या छोट्या ॲम्पला, त्यातही गिटारच्या ॲम्पला, तो धड झेपत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे स्वर आणि डब्याची थरथर. मोबाईलवर रेकॉर्ड करून मोबाईलच्याच स्पीकरवर ऐकणारे तर हमखास फसतात. चांगला हेडफोन लावा किंवा दुसऱ्या कुणाच्या बेस ॲम्पवर वाजवून बघा. ॲम्पवर बेसची घुंडी पूर्ण चढवलेली असेल तर ती मध्यावर आणा, मधले स्वर थोडे वाढवा. अर्धी केस इथेच संपते.

उलटही होतं. वायर न लावता थोडी झरझर ऐकू येते, पण ॲम्पमधून अजिबात येत नाही. मग ती झरझर नाहीच असं समजा.

बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर ती बदलून बघा. बॅटरी उतरत आली की आवाज आधी फाटतो, ई वर सगळ्यात आधी. वायर खुपसून ठेवली की न वाजवताही बॅटरी जात राहते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

ट्यूनरचंही तेच. मोबाईलच्या मायक्रोफोनला ४१ हर्ट्झ नीट पकडता येत नाही, काटा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, फ्रेटच्या नेमक्या वर बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर) वाजवून त्यावर सुरात लावा, किंवा वायरने जोडायचा ट्यूनर वापरा.

२. हात

हे सांगितलं की लोक रुसतात, पण सांगायलाच हवं. ट्यूनर लावून ई आधी हळुवार छेडा, मग नेहमीच्या जोराने. दुसऱ्या वेळी काटा उजवीकडे उडी मारून परत येत असेल, तर तार तुमच्या जोराने चढते आहे. लाँग स्केलवरून आलेला माणूस त्याच ताकदीने शॉर्ट स्केल वाजवतो आणि म्हणतो बेस बेसूर आहे. ढिल्या तारेला एवढा जोर लागत नाही. जोर कमी करा, ॲम्प वाढवा. उजवा हात ब्रिजकडे दोन-तीन इंच सरकवा. तिथे तार जास्त घट्ट लागते, झोका कमी घेते, आणि "भुम्म" मधून सूर बाहेर येतो.

डाव्या हातानेही फ्रेटच्या अगदी मागे बोट टेकवा. दोन फ्रेटांच्या मध्ये दाबलं की जास्त दाबावं लागतं, आणि ढिली तार खाली ओढली जाऊन सूर चढतो.

आठ दिवस असं वाजवून बघा. एक पैसा खर्च नाही.

३. तार सॅडलवर आणि नटमध्ये बसली आहे का

जाड तार ताठ असते. सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावरून, ती एकदम न वळता कमानीसारखी वर उचललेली राहते, आणि मग कंप नक्की कुठून सुरू होतो हेच धड ठरत नाही. सूर अस्पष्ट येतो, कधी दुहेरी लहर येते. तार सुरात असताना सॅडलच्या अगदी पुढे, पिकअपच्या बाजूने, अंगठ्याने खाली दाबा. नटच्या पुढेही तसंच. जोराने नाही, घट्ट. परत सुरात लावा. कित्येकदा तेवढ्याने ई चा आवाज उजळतो. नव्या तारा घातल्यावर मी हे दर वेळी करतो.

सुरात लावताना नटपाशी "टिंग" असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासा. तरीही अडकली तर खाच त्या जाडीसाठी कापलेलीच नाही. तो भाग पुढे येईल.

४. पिकअप खाली करा

एकाच सुरात दोन सूर लहरतात, या लक्षणाचं हे पहिलं कारण. पिकअपमध्ये चुंबक असतं. तार ढिली आणि चुंबक जवळ असेल तर ते तारेला ओढतं आणि कंप वाकडा होतो. ट्यूनरवर सूर स्थिरच होत नाही, आणि माणूस बिचारा सॅडल मागेपुढे करत बसतो. वर सरकत जाल तसा दोष वाढत असेल तर हाच संशय धरा, कारण वरच्या फ्रेटांवर तार पिकअपच्या अधिक जवळ येते.

ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तार ते पिकअप अंतर मोजा. तीन-साडेतीन मिलिमीटर असायला हरकत नाही. दोन असेल तर ई च्या बाजूचा स्क्रू सोडून पिकअप खाली उतरवा. आवाज थोडा कमी होईल, तो ॲम्पवर भरून काढा. नेकजवळ मोठा पिकअप असलेल्या जुन्या धाटणीच्या बेसला याचा फरक लगेच कळतो.

साध्या स्क्रू ड्रायव्हरचं पाच मिनिटांचं काम, आणि परत फिरवता येतं. म्हणूनच ते इतक्या वर ठेवलंय.

५. तारा

आता खिशाला हात घालायचा. पण घालायचाच असेल तर आधी इथे.

पहिली गोष्ट लांबी. तारेच्या पाकिटावर लाँग, मीडियम, शॉर्ट असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या दुकानांत शॉर्टची पाकिटं सहज मिळत नाहीत. मग दुकानदार सांगतो, "लाँगच घ्या, कापून बसतील." बाकीच्या तीन तारांचं कदाचित जमेल. ई चं नाही. ई ची खुंटी नटच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे वेष्टन बारीक व्हायला जागाच मिळत नाही आणि जाडजूड तारच खुंटीभोवती वळते. ती वळताना बाहेरचं वेष्टन आतल्या गाभ्यावरून सुटतं, आणि तार मरते. दिसायला नवी, आवाज सहा महिने जुन्या तारेसारखा.

फ्लॅटवाउंड, म्हणजे बाहेरून गुळगुळीत पट्टीचं वेष्टन असलेल्या तारा, जाड भागावर कधीच कापू नका. सुरुवातीच्या दिवसांत मी एक कापली होती. कापल्याक्षणी पट्टी उलगडायला लागली आणि महागाची तार माझ्या डोळ्यांदेखत स्प्रिंग झाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं.

माप घ्यायचं ते असं. तारेचा गोळा ब्रिजमध्ये जिथे अडकतो तिथून नटपर्यंत टेपने मोजा. तारेचं जाड वेष्टन या मापापेक्षा थोडंसंच जास्त हवं, म्हणजे नट ओलांडून संपायला हवं, पण खुंटीच्या आधी. दोरा गुंडाळलेला रंगीत भाग असेल तर तोही नटच्या पलीकडेच सुरू व्हायला हवा. नटच्या अलीकडे आला तर तार आखूड पडली. काही बेसांत तार अंगातून आरपार, पाठीमागून ओवतात. तिथे इंच-दीड इंच जास्त लागतो. हॉफनरच्या धाटणीच्या बेसला शेपटीकडे लांब टेलपीस असतो, त्याचं अंतर आणखी वेगळं. त्यांच्यासाठी तारांचे वेगळे संच निघतात, तेच मागवा.

बसवताना खुंटीच्या पुढे चार-पाच इंच तार ठेवा, आधी काटकोनात मोडा आणि मोडीच्या पुढे कापा. मोड न घालता कापली तर वेष्टन गाभ्यावरून घसरू शकतं. दोन-तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे, एकावर एक नाहीत.

दुसरी गोष्ट जाडी. ताण गेलाय तर जाड तार घालून तो परत मिळवू, हा विचार बरोबर आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. ढोबळ हिशोब बघा. वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. १०५ ची तार लाँग स्केलवर देते तो ताण शॉर्ट स्केलवर हवा असेल तर जवळजवळ ११९ ची तार लागेल. तेवढी जाड तार तीस इंचांत तारेसारखी वागत नाही, सळईसारखी वागते. तिचे वरचे स्वर मूळ सुराशी जुळत नाहीत आणि आवाज जास्तच चिखल होतो. मैफिलीचा लांबलचक ग्रँड पियानो आणि भिंतीला लावलेला छोटा पियानो यांच्या खर्जात जो फरक ऐकू येतो, त्यामागे हेच आहे. म्हणून मी मधला मार्ग काढतो. ९५ किंवा १०० ची ई असेल तर १०५ वर जायचं. शंभरावरून १०५ म्हणजेसुद्धा दहा टक्के ताण वाढला. ११० च्या पुढे मी जात नाही.

फ्लॅटवाउंड तारा बहुधा जास्त ताठ लागतात आणि शॉर्ट स्केलवर मला त्याच आवडतात: घोगरेपणा जातो, ई गोल आणि भरीव येते. पण सगळ्याच फ्लॅटवाउंड ताठ नसतात. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट मुद्दाम कमी ताणाच्या आहेत. तारा उत्तम, पण ढिलेपणाची तक्रार असलेल्याने त्या घेतल्या तर तक्रार दुप्पट होईल.

आणि कृपा करून शॉर्ट स्केलची ई उतरवून डी ला लावू नका. अजून वीस टक्के ताण जातो, १४ किलोचे ११ होतात. मग घरी फोन येतो, "तार फ्रेटांवर लोळते."

तिसरी गोष्ट वय. तीन वर्षं न बदललेल्या तारा घेऊन लोक इंटोनेशन (सगळ्या फ्रेटांवर सूर नेमका लागेल असं सॅडल बसवणं) करायला येतात. वेष्टनाच्या खाचांत घाम आणि मळ साचून तार ठिकठिकाणी असमान जड होते. अशी तार कुठल्याच सॅडलवर सुरात येणार नाही. तारा बदलल्याशिवाय इथून पुढे जाण्यात अर्थ नाही. पुढची सगळी मापं नव्या तारांवरच घ्यायची.

६. आता नेक. आधी फक्त मोजा

पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा किंवा डाव्या हाताने ई दाबा. उजव्या हाताने तीच तार नेक अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबा. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे बघा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. गॅरेजमध्ये वापरतात तो फिलर गेज असेल तर उत्तम, नसेल तर चांगल्या प्रतीचं पत्त्याचं पान साधारण ०.३ चं असतं. पान अलगद जातं आणि तार जेमतेम हलते, एवढं पुरे.

फट अजिबात नसेल तर नेक फारच सरळ किंवा मागे झुकलेली. पहिल्या पाच फ्रेटांतली झरझर यातून येते. पत्त्याची तीन पानं सहज जात असतील तर नेक पुढे वाकलेली. मग तारा मध्यात उंच लागतात, दाबायला जोर लागतो आणि सूर चढतो.

फट ठीक असेल तर ट्रस रॉड विसरा. खरंच विसरा.

ठीक नसेल तर: नेमक्या मापाची ॲलन की घ्या. मिलिमीटरची की रॉडच्या टोकाच्या इंची नटमध्ये (तारांच्या खाचांचा नट वेगळा) ढिली बसते आणि त्याचे कोपरे खाते, मग दुरुस्तीचं बिल बेसच्या किमतीच्या जवळ जातं. रॉडच्या नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो, नेक सरळ होते, फट कमी होते. उलट दिशेने फट वाढते. आवळायच्या आधी तारा थोड्या सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. परत सुरात लावा, मोजा, आणि शक्य तर एक रात्र जाऊ द्या. लाकूड तुमच्या घाईने चालत नाही.

कोकण-मुंबईच्या हवेत ही नेक वर्षातून दोनदा हलते असं धरून चाला. पावसाळा मुरला की एकदा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा. जुलैत केलेलं सेटिंग जानेवारीत तसंच राहील अशी अपेक्षा नको. एसी स्टुडिओत सराव आणि वाजवायचं गणपतीच्या मांडवात, अशा बेसची तर फारच ओढाताण होते.

७. तारांची उंची, आणि मग इंटोनेशन

क्रम महत्त्वाचा: आधी नेक, मग उंची, मग इंटोनेशन. उलट केलं तर सगळं परत करावं लागतं, कारण प्रत्येक गोष्ट पुढचीला हलवते.

शॉर्ट स्केलची ई लाँग स्केलपेक्षा किंचित उंच ठेवावी लागते, कारण झोका मोठा. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मी अडीच मिलिमीटरपासून सुरुवात करतो, जी तारेला दोन. "एकदम लो ॲक्शन करून द्या" (म्हणजे तारा अगदी खाली) म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. ढिल्या तारेवर लो ॲक्शन म्हणजे झरझर विकत घेणं.

मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, नटपासून लांब. उतरलेला असेल तर सॅडल पुढे. दर वेळी परत सुरात लावून मगच वाचा. आणि नेहमीच्या हलक्या हाताने छेडा, नाहीतर दुसऱ्या मुद्द्यातला हात इथे येऊन आकडे बिघडवेल.

शॉर्ट स्केलची जुनी व्यथा इथे उघडी पडते: ई चं सॅडल पूर्ण मागे नेलं तरी सूर चढाच. जाड आणि ताठ तारेला जास्त भरपाई लागते आणि ब्रिजवर जागा संपते. घाबरू नका. सॅडलच्या मागची स्प्रिंग पूर्ण दाबली गेली असेल तर ती काढून अर्धी कापा, दोन-तीन मिलिमीटर मिळतात. काही ब्रिजांत सॅडल उलटं फिरवून बसवता येतं. नाहीतर एक घर बारीक ई घाला. ताण थोडा जाईल, सूर मिळेल. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी सूर निवडतो.

हॉफनरसारख्या बेसची लाकडी घोडी तारांच्या ताणावरच उभी असते, चिकटवलेली नसते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती घरंगळते आणि जागा हरवते. एकेक तार बदला, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना आधी रंगाऱ्यांची कागदी टेप लावून पेन्सिलीने खूण करा. पॉलिशवर थेट खूण करू नका.

इथे थांबा

यापुढचं घरी करू नका. माझ्या पोटापाण्यासाठी म्हणत नाही. पुढच्या प्रत्येक कामात वस्तू कमी होते आणि परत येत नाही.

नटच्या खाचा. पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरच सूर चढतो तो बहुधा खाचा उंच असल्याने. मोकळीच तार झरझरते ती खाच फार खोल गेल्याने. त्यासाठी तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. घरची करवत घेऊन बसलात तर नवा नट बनवावा लागेल. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीवर कानस फिरवताना मध्येमध्ये थांबून किती वेळ नुसतं ऐकतात ते कधी बघा. खाच कापतानाही तेवढाच धीर लागतो.

एकाच फ्रेटवर झरझर. तो फ्रेट उंच आहे किंवा सुटून वर आलाय. हातोडी नको.

ट्रस रॉड फिरतच नाही, किंवा फिरतो पण काहीच होत नाही, किंवा आवळताना "कट्" असा आवाज आला. तिथल्या तिथे हात काढा. अजून पाव फेरा बघू, हा मोह रॉड तोडतो, आणि तुटलेला रॉड बदलायचा म्हणजे फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेटांची फळी) उखडावा लागतो.

नेकला पीळ पडलाय. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे नेमबाजासारखं एक डोळा मिटून बघा. नट आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसत नसतील तर ट्रस रॉडने ते सुटणार नाही. स्वस्त बेस असेल तर दुसरी नेक शोधणं परवडतं.

ब्रिज किंवा पोकळ अंगाच्या बेसची वरची फळी उचलली जातेय. तारा लगेच सैल करा आणि तसाच घेऊन या.

कारागिराकडे जाताना सुरुवातीला लिहिलेला तो लक्षणांचा कागद आणि तारांचं पाकीट बरोबर न्या.

बेस अजून विकत घ्यायचा असेल तर

दुकानात बहुतेक जण जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे काहीतरी वेगात वाजवून बघतात. तुम्ही ई बघा. मोकळी वाजवा, मग पाचव्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवर, हळू आणि मग जोराने. ब्रिजवर ई चं सॅडल कुठे आहे बघा. आत्ताच पूर्ण मागे टेकलेलं असेल तर पुढे जाड तार घालायला जागा नाही. शॉर्ट स्केल म्हणून विकले जाणारे सगळे तीस इंची नसतात. इबानेझचा मिक्रो २८.६ इंचांचा आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला छान, पण तिथे ई चा ताण आणखी घटतो हे माहीत असू द्या.

पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. गिब्सनच्या एसजी गिटारच्या आकाराच्या बेसांचं डोकं जमिनीकडे झुकतं. मग डावा हात नेक उचलून धरण्यात अडकतो, तार जास्त दाबली जाते, आणि सूर परत चढतो. आतून खडबडीत चामड्याचा रुंद पट्टा घेतला तर बऱ्याच अंशी भागतं. दुकानात त्यांच्याकडचाच एखादा लावून बघायला मागा, देतात.